नकाशावरची दुअमली

ऊन उतरल्यावर घराबाहेर पडलेल्या भोकरकरांनो,

पत्रिकेत माझा विषय ‘इतिहास आणि व्हिडिओ गेम’ असा छापलाय. तो वाचून मघाशी दोन पालकांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, सर, पोरांना तेवढा मोबाइल सोडायला सांगा. ते काम माझ्याच्यानं होणार नाही. कारण एका गेमपायीच तीन पोरांनी मला या वयात पुन्हा पेशवाईच्या हिशेबात बसवलंय.

ही पोरं एक मॉड करताहेत. मॉड म्हणजे विकत घेतलेल्या गेममध्ये खेळणाऱ्यानं स्वतःच्या हातानं घातलेली भर. वाडा दुसऱ्यानं बांधलेला; आपण आतली एखादी भिंत सरकवायची, नवं दार पाडायचं. पैसे मिळत नाहीत. पण हा रिकामटेकडा उद्योग समजू नका. ‘एज ऑफ एम्पायर्स’चा दुसरा भाग 1999 चा. त्यात चिनी होते, जपानी होते, हिंदुस्थान नव्हता. ‘फरगॉटन एम्पायर्स’ हे हौशी लोकांचं मॉड आलं आणि त्यातून ‘इंडियन्स’ खेळात शिरले. 2013 साली कंपनीनं तेच काम अधिकृत करून विकायला काढलं. पुढं 2022 मध्ये त्या एका हिंदुस्थानाचे हिंदुस्थानी, गुर्जर, बंगाली आणि द्रविड असे भाग झाले. आता आपल्या देवगिरीच्या यादवांना यातल्या कुठल्या पंगतीला बसवायचं, ते तुम्हीच सांगा.

मराठे गेममध्ये नाहीतच असं मात्र नाही. 2009 च्या ‘एम्पायर : टोटल वॉर’मध्ये ते आहेत, खेळता येतात, राजधानी सातारा. खेळ 1700 मध्ये सुरू होतो. खऱ्या 1700 च्या जानेवारीत त्या साताऱ्याला औरंगजेबाचा वेढा पडलेला होता, मार्चमध्ये राजाराम महाराज गेले, एप्रिलमध्ये किल्ला पडला. गेममध्ये आपण निवांत फौजा उभ्या करत असतो. पोरांना याचा राग येतो. मला येत नाही. खेळाला कुठून तरी सुरुवात करावीच लागते.

त्यांनी निवडलेला गेम ‘युरोपा युनिव्हर्सालिस’चा चौथा भाग, स्वीडनमधल्या कंपनीचा, 2013 चा. 11 नोव्हेंबर 1444 ला सुरू होतो, 1821 पर्यंत चालतो. सुरुवातीला आपला मुलूख बहामनींच्या ताब्यात, राजधानी बिदर. इथवर ठीक.

पोरं पहिल्यांदा आली तेव्हा वहीत सात कलमं होती. उदगीरची 1760 ची लढाई, इब्राहिमखान गारद्याच्या तोफांसकट. माहूरची रायबागन. कंधारचा किल्ला. 1708 मध्ये नांदेडला झालेलं गुरू गोविंदसिंगांचं निर्वाण. मराठी सरदारांची नवी चित्रं. चौथाई. आणि सातवं कलम, नकाशावर भोकर! मी म्हटलं, बाबांनो, यात तुमचं पदवीचं वर्ष जाईल आणि मॉडही व्हायचं नाही. मॉड ठरवायचं म्हणजे आधी खोडायचं. उदगीरची लढाई गेममध्ये आणून काय मिळणार? लढाया त्याला येतातच. त्याला जे येतच नाही, ते एक शोधा.

मग त्यांनी मला गेमचं पोट उघडून दाखवलं. आत साधा मजकूर असतो, नोटपॅडमध्ये उघडतो. प्रत्येक प्रांताची एक फाइल. मालक कोण, ताबा कुणाचा, भाषा-संस्कृती कुठली, धर्म कुठला, पीक काय, सारा किती. एकेका ओळीत एकेक गोष्ट. मालकाच्या जागी राज्याची तीन अक्षरी खूण. एका पोरानं त्यातलं एक अक्षर चुकवलं, तर आमच्या पडद्यावर तो प्रांत बेवारस झाला. तासभर तिघंही डोकं धरून बसले होते.

पण माझी नजर अडकली ती मालकाच्या ओळीवर. मालक एकच. नकाशावर म्हणून रंगही एकच. आणि आपल्या मराठवाड्याचं अठरावं शतक तर सगळं दोन रंगांचं! मुलूख निजामाचा, आणि त्याच गावात वसुलीला मराठ्यांचा कमाविसदार हजर. याला दुअमली म्हणत. 1719 मध्ये बाळाजी विश्वनाथानं दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. त्या सहांत बिदरचा सुभा होता, म्हणजे आपण आलोच. गेमला खंडणी देणारं राज्य कळतं, मांडलिक कळतो. पण एकाच गावच्या साऱ्यावर दोघांचा हक्क त्याला कळत नाही. सहा कलमं खोडली. चौथाई राहिली.

आता हिशेब बघा. शंभर रुपये साऱ्यामागं पंचवीस चौथाईचे, वर दहा सरदेशमुखीचे. हे दहा छत्रपतींच्या वतनाचे. पंचवीसची पुन्हा वाटणी : राजबाबती म्हणून सव्वासहा राजाला, साहोत्रा म्हणून दीड सचिवाला, नाडगौडा म्हणून पाऊण राजा देईल त्याला, आणि मोकासा म्हणून साडेसोळा सरदारांना. पोरांनी मोबाइलवर बेरीज करून खात्री करून घेतली. हा साडेसोळाचा आकडा डोळ्यांपुढं ठेवला की मराठा सरदार साताऱ्याला थांबायला तयार का नव्हते, ते वेगळं शिकवावं लागत नाही. त्यांची रोजीरोटी दुसऱ्याच्या मुलखात होती.

पहिली चाचणी घेतली ती मात्र फसली. निजामाच्या उत्पन्नातून दरसाल पस्तीस टक्के कापले, तर पंचवीस-तीस वर्षांत त्याचं दिवाळं वाजलं. खरा निजाम तर 1948 पर्यंत टिकला! चूक फाइलमध्ये नव्हती, आमच्या समजुतीत होती. सनद कागदावर, वसुली खळ्यावर. चौथाई टाळता यायची, लांबवता यायची, आणि निजामुल्मुल्कानं ते मोठ्या हुशारीनं केलं. साताऱ्याचे शाहू आणि कोल्हापूरचे संभाजी यांचं भांडण पाहून तो म्हणाला, पैसे द्यायचे कुणाला, ते तरी आधी ठरू द्या. यावरूनच पुढं 1728 ची पालखेडची लढाई झाली, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह.

त्यामुळं आता मॉडमध्ये निजाम खेळणाऱ्यापुढं एक चौकट येते : चौथाई साताऱ्याला द्या, कोल्हापूरला द्या, किंवा भांडण मिटेपर्यंत कुणालाच देऊ नका. तिसरं निवडलं तर तिजोरी वाचते आणि मराठ्यांना युद्धाचं कारण मिळतं. आमचा पोरगा दरवेळी तिसरंच निवडतो. गेमचा टंक देवनागरी घेत नाही, म्हणून ‘मोकासा’ रोमन अक्षरांत लिहावा लागला, याचं त्याला युद्धापेक्षा जास्त दुःख आहे.

भोकर नकाशावर यायचं नाही, हे मी इथं येऊन सांगतोय, माफ करा. त्या गेमच्या एका प्रांतात आपले सगळे तालुके मावून जातात.

परवा रात्री त्यांचा फोन आला. सर, निजामाचा माणूस आला, मराठ्यांचा आला, पण दोघांना खळ्यावर बसवून घेणारा पाटील कुठंय? त्यानं पीक कमी दाखवलं तर दोघांचाही हिशेब चुकणार की! वहीत आठवं कलम लिहिलं गेलंय. ते मी अजून खोडलेलं नाही.