ट्रॉलीचा दिवा घरी लागतो, रस्त्यावर का जातो?

कानात हेडफोन घालून रानाकडं निघाला असाल, तर दहा मिनिटं बांधावर बसा. आज ट्रॉलीच्या मागच्या लायटांबद्दल बोलू.

सोयाबीन निघालं की वाशीम, रिसोड, मालेगाव, कारंजा, कुठंही जा, ट्रॉल्याच ट्रॉल्या. मार्केटला नंबर लावायला पहाटे अंधारात निघायचं, आणि मापाला उशीर झाला की अंधारातच परत यायचं. नोव्हेंबरात पावणेसहाच्या आसपास सूर्य बुडतो.

माझाच किस्सा सांगतो. मी ऑनलाइन एलईडी टेल लॅम्पची जोडी मागवली. जुन्या वायरी सोलल्या, पीळ दिला, वरून काळी टेप. अंगणात असे चमकले की फोटो स्टेटसला टाकला. आठ दिवसांनी मालेगावहून येताना मागं करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला. एक बाइकवाला फाळक्यापासून हातभर अंतरावर थांबला होता. त्याच्यामागं लहान पोरगी बसलेली. "भाऊ, लाइट तं लावा ना बापा!" एवढंच म्हणाला. मी उतरून बघतो तर दोन्ही दिवे बंद. पुढं बसून मला काहीच कळलं नव्हतं. बटण चालू, म्हणजे दिवा चालू, असं मी धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडं गेलो. त्यांनी दिवा हातातसुद्धा घेतला नाही. "दिवा नाही गेला बे, याले अर्थिंगच नाही."

बघा, करंट बॅटरीतून दिव्याकडं जातो, तसा त्याला परत यायलाही वाट लागते. मी परतीची वायर ट्रॉलीच्या रंगवलेल्या पत्र्यावर स्क्रूनं आवळली होती. तिथून ट्रॅक्टरपर्यंत वाट कोणती? फक्त हुक आणि त्यातली पिन. त्यावर ग्रीस, गंज, माती, आणि पिन तर मोकळीच खेळत असते. उभ्या ट्रॉलीत ती कशीबशी टेकते म्हणून अंगणात दिवा लागतो. खड्ड्यात हादरा बसला की गेला.

जुन्या बल्बच्या ट्रॉलीत हा दोष लगेच ओळखू येतो. ब्रेक दाबला की टेल लॅम्प विचित्र मंद होतो, इंडिकेटर दिला की भलताच दिवा लुकलुकतो. कारण परतीची वाट बंद असली की करंट शेजारच्या बल्बच्या तारेतून उलटा वाट काढतो. एलईडीत सहसा असा उलटा करंट जात नाही. त्यामुळं तो लुकलुकून इशारा देत नाही, सरळ विझतो. माझं तेच झालं.

मग काकांनी काय केलं? ट्रॅक्टरच्या मागं सात पिनचं सॉकेट असतं. नेहमीच्या जोडणीत १ डावा इंडिकेटर, ४ उजवा, ५ उजवा टेल, ७ डावा टेल, ६ ब्रेक आणि ३ अर्थिंग. पण आपल्याकडच्या ट्रॅक्टरवर आधी कुणी काय जोडून ठेवलंय ते देव जाणे, म्हणून वायरीच्या रंगावर भरवसा ठेवू नका. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या मायनसला लावा, एकानं बटणं दाबायची, दुसऱ्यानं पिन तपासायची. ३ नंबरवरून दोन्ही दिव्यांना स्वतंत्र वायर न्या. चेसिसलाही जोडायची असेल तर रंग खरवडून, थिंबल लावून, नटबोल्टनं आवळा.

जोड पीळ देऊन करू नका. टेपमध्ये पाणी शिरतं आणि तांबं हिरवं पडतं. डाक लावा किंवा थिंबल दाबा, वरून गरम करून आवळणारी नळी चढवा. हुकापाशी वायर थोडी ढिली ठेवा, नाहीतर पहिल्याच वळणावर ओढली जाते.

आता फोकसवाल्यांसाठी. टेल लॅम्पचा ५ वॅटचा बल्ब अर्ध्या अँपिअरहून कमी घेतो. ४८ वॅटचे दोन फोकस १२ व्होल्टवर ८ अँपिअर ओढतात. ते टेलच्या वायरीत टोचले तर फ्यूज उडतो, आणि मग काही जण फ्यूजच्या जागी तार घालतात! वायर जळायची असेल तर खुशाल घाला. फोकसला बॅटरीवरून वेगळी जाड वायर, बॅटरीजवळच फ्यूज आणि मध्ये रिले हवा. आणि मागचा पांढरा फोकस शेतात माल भरताना ठीक, रस्त्यावर बंद. मागून येणाऱ्याच्या डोळ्यांवर येतो.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे असं आहे. ताशी ८० नं येणाऱ्या गाडीला तेवढं अंतर कापायला सात सेकंद लागतात. दिवाच नसेल तर त्याच्या हेडलाइटच्या उजेडात ट्रॉली येईपर्यंत दोन-तीन सेकंदच उरतात. म्हणून फाळक्यावर लाल रिफ्लेक्टर पट्टीही लावा. ट्रॅक्टर सोडून ट्रॉली कडेला उभी असते तेव्हा वायरिंग काही कामाचं नसतं.

हल्ली निघण्याआधी मी मोबाइल ट्रॉलीच्या मागं दगडाला टेकवतो, व्हिडिओ चालू करतो, पुढं जाऊन ब्रेक, डावा, उजवा, सगळं दाबतो आणि भावाला हुक हलवायला सांगतो. मग व्हिडिओ बघतो. परवा डावा दिवा हलवल्यावर गेला, थिंबल ढिली निघाली.

तुमच्या ट्रॉलीत काही घोळ असेल तर व्हॉइस नोट पाठवा. सॉकेटचा फोटो मात्र झाकण उघडून काढा, गेल्या वेळी सगळ्यांनी झाकणाचेच पाठवले होते.