दारूचे शिंग



गेल्या हिवाळ्यात जव्हारच्या बाजारपेठेत एका दुकानदाराने पितळी समया आणि गंजलेली कुलपे यांच्या राशीतून तांब्याची एक चपटी, नासपतीच्या घाटाची कुपी काढून माझ्या हातावर ठेविली, आणि ही मुकणे महाराजांच्या शिलेखान्यातील दारूदाणी होय, असे मोठ्या गांभीर्याने सांगितले. दारू म्हणजे येथे बंदुकीची दारू. श्रोत्यांनी भलता समज करून घेऊ नये. चौदाव्या शतकापासून १९४८च्या विलीनीकरणापर्यंत टिकलेल्या मुकण्यांच्या जव्हार संस्थानाचे नाव घेतले की जिनसेची किंमत आपोआप चढते, हे त्या गृहस्थाला पक्के ठाऊक होते.

धातूच्या काडतुसांचा प्रसार होण्यापूर्वी, कोल्ट कंपनीच्या १८५१च्या नेव्ही नमुन्यासारख्या सहाबारी पिस्तुलाची सहाही घरे दारू आणि गोळी घालून एकेक करून ठासावी लागत, आणि त्या कामी अशी कुपी लागे. तिच्या तोंडाची नळी हेच माप. नळीवर बोट ठेवून कुपी उलटी करावयाची, अंगठ्याने खटका दाबून आतला पडदा उघडावयाचा आणि सोडून द्यावयाचा, की नळीत एका बाराची दारू नेमकी राहते. लोखंडावर लोखंड घासले तर ठिणगीचे भय, म्हणून अंग तांब्यापितळेचे; पोलाद काय ते खटक्याच्या कमानीपुरते. शेफील्डचे जेम्स डिक्सन आणि हॉक्सली हे या धंद्यातील नामांकित कारखानदार. पातळ पत्रा ठशात दाबून दोन शकले करीत आणि ती कडेने झाळून जोडीत. चांगल्या कुपीचा सांधा डोळ्यापेक्षा नखालाच अधिक लवकर सापडतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हौशी नेमबाजांसाठी इटलीत जुन्या सहाबारींच्या नकला निघू लागल्या, आणि त्यांच्या जोडीला कुप्याही. करणाऱ्यांनी त्या नव्या म्हणूनच विकल्या. लबाडी केली ती पुढच्या हातांनी. तेव्हा कारखानदाराचे नाव वाचून हुरळून जाऊ नये, कारण नाव उमटविणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग. पाहावयाची ती झीज. वापराची झीज पक्षपाती असते: अंगठा जेथे टेकतो तो खटका गुळगुळीत होतो, दोरी जेथे घासते ती कडी एका अंगाने पातळ पडते, नक्षीच्या उंच शिरा उजळतात आणि खोलगट भागात काळिमा साठतो. माझ्या हातातील कुपीवर हिरवा कळंक पानांच्या नक्षीच्या खोलगटात जितका, तितकाच शिरांवरही होता. कड्या गोल गरगरीत, आणि सांध्यावर डाखाचे थेंब गोठलेले. एखाद्या परदेशी पाहुण्यालाही ही विकता येईल, असे दुकानदार बोलून गेला. शंभर वर्षांवरील पुरावस्तू खासगी इसमास देशाबाहेर नेण्याची १९७२च्या कायद्याने मनाई आहे, हे बहुधा त्याच्या ध्यानी नसावे. किंवा असावे, आणि मालही त्याला ठाऊक असावा.

त्याच मुक्कामात मोखाड्याकडील एका पाड्यावर चुलीवरच्या आढ्याला टांगलेले म्हशीचे शिंग दृष्टीस पडले. रुंद तोंडाला लाकडाची चकती बसवून मेणाने बंद केलेली, टोकाला भोक आणि त्यात लाकडी बूच. आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीचे, एवढेच घरधनी म्हणाले. बंदूक केव्हाच गेली होती. त्या शिंगावर ना नाव, ना नक्षी. धुराने ते काळे ठिक्कर पडले होते, मात्र बुचाच्या अलीकडे अंगठ्याएवढा एक खळगा मधासारखा पिवळा, चकचकीत झाला होता. बंदुकीची दारू हवेतील ओल ओढते आणि इकडचा पाऊस ती कोणाचीच कोरडी राहू देत नाही. शिंगात मात्र ओल शिरत नाही, म्हणून बंदूक गेल्यावरही ते घरात उपयोगी राहिले. आत काय आहे, असे मी विचारले. म्हाताऱ्याने शिंग उतरविले, अंगठा बरोबर त्या खळग्यात टेकवून बूच काढले, आणि माझ्या तळहातावर नाचणीचे बी ओतले.