पहिल्याच्या मागे कोण?

(नोकरी-शिक्षणासाठी चेन्नईत आलेल्या मराठी मुलामुलींसमोर गिंडी इथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्यापैकी कुणी अण्णा विद्यापीठात शिकतं, कुणी इथल्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. आपण बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर. तामिळनाडूत त्याचा चक्क दाखला मिळतो, ‘मुदल पट्टदारी’. २०१०-११ पासून सरकारी समुपदेशनातून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या अशा मुलामुलींना शिक्षण शुल्कात सवलत आहे. आपण जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, व्हॅलिडिटी अशी जाडजूड फाइल घेऊन हिंडलो. पण ‘याच्या घरात आधी कुणी कॉलेज पाहिलेलं नाही’ असं सरकारने लिहून दिलेला कागद त्यात नव्हता. मला त्याचं अप्रूप वाटतं.

मात्र ही सवलत घरात एकालाच. भावाने घेतली की बहिणीला नाही. मग तिची फी कुणी भरायची? भावाच्या पगारातून. आपल्याकडे असा दाखला नाही, पण रीत तीच आहे.

पगार होतो. खोलीचं भाडं, मेस, लोकलचा पास. खोली शोधताना ‘तुम्ही नॉनव्हेज खाता का?’ हा प्रश्न कशासाठी असतो, ते तुम्हाला सांगायला नको. उरलेले पैसे गावी. तिथे कर्जाचा हप्ता आहे, घरावरचे पत्रे बदलायचेत, आईचं औषध आहे. आणि रात्री अंथरुणावर पडलं की मनात येतं, पीएचडीचं काय? नेट द्यायची होती, तिचं काय? घरात विचारावं असं कुणी नाही. बाप म्हणतो, ‘तुला कळतंय तसं कर.’ त्याचंही बरोबरच आहे.

बाबासाहेबांची शिष्यवृत्ती १९१७ मध्ये संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. बडोद्यात नोकरी होती, राहायला जागा मिळेना. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेनांची उसनवारी घेऊन १९२० मध्ये परत लंडन गाठलं. नोकरी धरली म्हणून शिक्षण सुटलं, असं त्यांनी होऊ दिलं नाही. पण त्या काळात घर रमाईंनी चालवलं. तो हिशेब आपण भाषणांत एका वाक्यात उरकतो, हे मला खटकतं.

म्हणून म्हणतो, घरी आकडा बोला. महिन्याला किती पाठवणार, किती वर्षं, आणि त्यातले स्वतःच्या पुढच्या शिक्षणाला किती बाजूला ठेवणार. हे बोलताना जीभ अडखळते. तरी बोला, आणि बहिणीला समोर बसवून बोला. तिच्या शिक्षणाचं तिच्या माघारी ठरवू नका.

ज्यांच्या घरी यंदा कुणी बारावीला आहे त्यांनी सभेनंतर थांबा. महाराष्ट्रात सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलामुलींसाठी स्वाधार योजना आहे. अर्जाला काय काय लागतं ते बसून बघू.