कापलेली पुस्तके



अमेरिकेतल्या अँथ्रॉपिक कंपनीने लाखो छापील पुस्तके विकत घेतली.
बरीचशी जुनी, वापरलेली.

मग त्यांची बांधणी उसवली.
पाने कापून सुटी केली.
ती स्कॅनरमधून भराभर सरकली.
आणि कागद? तो टाकून दिला!

हे सारे कृत्रिम बुद्धिमत्तेला भाषा शिकवण्यासाठी.

जून २०२५मध्ये या कंपनीविरुद्धच्या खटल्यात अमेरिकी न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी निकाल दिला.
विकत घेतलेले पुस्तक असे स्कॅन करणे कायद्यात बसते.
चोरीच्या प्रती साठवणे बसत नाही.
पुन्हा सांगते: विकतची प्रत चालते, चोरीची नाही.

दुकानोदुकानी मिळणारे पुस्तक कापले, तर फारसे बिघडत नाही.
दुर्मीळ प्रत मात्र एकदा गेली की गेलीच.
गूगलने ग्रंथालयांतली पुस्तके न कापताच स्कॅन केली होती.

तेव्हा श्रोतेहो, घरातले जुने पुस्तक रद्दीत देण्याआधी ग्रंथपालांना जरूर दाखवा.