लाडकं अस्वल राक्षस झालं तेव्हा



मधाचं भांडं घेतलेलं ते पिवळं, गुबगुबीत अस्वल तुम्ही पोरांच्या दप्तरावर पाहिलं असेल. विनी द पू. इंग्लंडच्या ए. ए. मिल्न यांनी १९२६ साली त्याच्या गोष्टींचं पुस्तक काढलं. आणि २०२३ मध्ये याच अस्वलावर ‘ब्लड अँड हनी’ नावाचा भयपट आला! त्याला खाऊ घालणारा मुलगा मोठा होतो, शिकायला निघून जातो. रानातले सोबती उपाशी राहतात, शेवटी आपल्यातल्याच गाढवाला खातात, आणि मग माणसांच्या जिवावर उठतात. पिच्चर काही धड नाही, पण भुकेनं जनावर पिसाळतं हे आपल्याला नवं नाही.

असं करायला परवानगी कुणी दिली? कुणीच नाही, लागलीच नाही. लिहिणाऱ्याचा हक्क ठरावीक मुदतीपुरता असतो. अमेरिकेत या पुस्तकाची मुदत संपली आणि १ जानेवारी २०२२ पासून ते गावच्या गायरानासारखं झालं, कुणीही गुरं चारावीत. पण त्यातला वाघ, टिगर, १९२८ च्या पुस्तकात आला होता. म्हणून पहिल्या भयपटात तो नाही, त्याला २०२४ पर्यंत थांबावं लागलं.

तेव्हा मोबाईलवर अस्वलाचं चित्र दिसलं म्हणजे ते लहान मुलांचंच असेल असं धरून पोराच्या हातात देऊ नका. आधी दोन मिनिटं आपण बघा.

दुसरी गोष्ट शिवणकाम करणाऱ्या गटांसाठी. आमच्या एका गटाला पिशव्यांची ऑर्डर आली. गिऱ्हाईक म्हणालं, नेटवरनं अस्वल उतरवा, कोण बघतंय? पण लाल सदऱ्यातलं अस्वल डिस्ने कंपनीचं आहे. आपल्याकडे हक्क माणूस गेल्यावर ६० वर्षं राहतो. मिल्न १९५६ साली गेले, त्यांचा मजकूर मोकळा झाला. पुस्तकातली चित्रं काढणारे शेपर्ड मात्र १९७६ साली गेले, म्हणजे ती चित्रं २०३६ संपेपर्यंत बांधलेली. माल जप्त झाला तर गिऱ्हाईक हात वर करतं, कर्जाचा हप्ता गटाच्याच गळ्यात.

बायकांनी मग भोपळ्यातली म्हातारी काढली. ती गोष्ट कुणा एकाची नाही. फक्त बाजारातल्या पुस्तकातलं चित्र न बघता, आपल्या मनानं काढली. एकीच्या हातून वाघाचे दात जरा जास्तच मोठे झाले. ती उसवायला निघाली, तर तिची लेक म्हणाली, “राहू दे गं आई, भ्या वाटलं की मजा येते.”