नटाचा जन्म आणि कामगाराचा दाखला



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषयाची निवड आमच्यावर सोपविली, तेव्हा आम्ही ‘दादा कोंडके यांच्या चरित्राची पडताळणी’ असा विषय कळविला. कामगार चळवळीतील माणसाने मजुरीवर बोलावे, महागाईवर बोलावे. नटाच्या जन्मतारखेची उठाठेव त्याने कशाला करावी, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. त्याचे उत्तर असे की, संघटनेच्या कामाचा मोठा भाग मोर्चात जात नाही, तो कागदात जातो. या माणसाचे खरे नाव काय, वय काय, कामावर केव्हा लागला, या तीन प्रश्नांची उत्तरे शाबीत करण्यात आमची वर्षे गेली आहेत. शाळा आमच्या वाट्याला फारशी आली नाही. पुरावा म्हणजे काय, हे आम्ही या कामातच शिकलो. ती रीत आपणांस दाखवायची, तर सर्वांच्या ओळखीचा माणूस घेतलेला बरा. दादांना ओळखत नाही असा माणूस या सभेत नसेल.

दादा गिरणगावातले. लालबाग-नायगावच्या कामगारवस्तीत ते वाढले. सेवादलाच्या कलापथकात त्यांनी कामे केली, वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या वगनाट्याने ते महाराष्ट्रभर गाजले, आणि १९७१ च्या ‘सोंगाड्या’पासून त्यांच्या चित्रपटांनी थिएटरे भरू लागली. १४ मार्च १९९८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. एवढ्या गोष्टींविषयी फारसा वाद नाही. वाद नसला म्हणजे पडताळणी झाली, असे मात्र कोणी समजू नये.

पहिली गोष्ट नावाची. त्यांचे नाव कृष्णा. ‘दादा’ हे लोकांनी दिलेले. कोणा संशोधकाने जुन्या पगारपत्रकात ‘दादा’ शोधले, तर हाती काही लागणार नाही, आणि तो लिहील की असा मनुष्य येथे नोकरीस नव्हताच. आमच्याकडे हे रोज घडते. हजेरीपटावर ‘बाळू’, शाळेच्या दाखल्यावर ‘बालाजी’ आणि आधार कार्डावर ‘बाळासाहेब’. माणूस एक, नावे तीन, आणि कचेरीच्या लेखी माणसेही तीन! म्हणून पडताळणीचा आरंभ नावापासून करावा. या माणसाला कोणकोणत्या नावांनी हाक मारीत, ती सर्व नावे आधी लिहून काढावीत.

दुसरी गोष्ट जन्माची. दादांची जन्मतारीख ८ ऑगस्ट १९३२ अशी सर्वत्र छापलेली आढळते. त्याचबरोबर असेही सांगण्यात येते की, गोकुळाष्टमीस जन्म झाला म्हणून नाव कृष्णा ठेवले. दोन्ही गोष्टी इतक्या वेळा छापून आल्या आहेत की त्या शेजारी ठेवून पाहावयाचे कोणाला सुचत नाही. आपण पाहू.

३१ ऑगस्ट १९३२ रोजी अमेरिका व कॅनडा येथे खग्रास सूर्यग्रहण दिसले. जगातील ज्योतिर्विदांनी त्याची नोंद केली आहे. सूर्यग्रहण अमावास्येवाचून होत नाही, हे घरातील आजीसही ठाऊक असते. ती श्रावणाची अमावास्या. आमच्याकडे त्या दिवशी पोळा. तेथून सात-आठ दिवस मागे मोजले की श्रावण वद्य अष्टमी येते, म्हणजे २४ ऑगस्टच्या सुमारास. मग ८ ऑगस्टला काय होते? श्रावण नुकताच लागला होता, शुद्ध पक्ष चालू होता, चंद्र वाढत होता. दिवस सोमवारचा, म्हणजे श्रावणी सोमवार. गोकुळाष्टमीस अजून पंधरवडा होता.

याचा अर्थ तारीख आणि तिथी या दोहोंपैकी एक तरी चुकली आहे. कोणती, हे पंचांग सांगत नाही. ते पंचांगाचे कामही नव्हे. त्यासाठी मुंबई महापालिकेचे जन्माचे रजिस्टर, शाळेचे रजिस्टर अशा त्या काळच्या कागदाकडेच गेले पाहिजे. पण त्या पुस्तकाने या पुस्तकातून उतरून घेतलेली शंभर पुस्तके पुढे ठेवली, तरी साक्षीदार एकच राहतो. शंभर तोंडे म्हणजे शंभर साक्षी नव्हेत. खुद्द नटाने आपल्या तोंडाने सांगितलेली आठवणसुद्धा एकच साक्ष. आपला जन्म पाहिलेला माणूस कोणी नाही.

तिसरी गोष्ट पहिल्या कामाची. ‘सोंगाड्या’ हा दादांचा पहिला चित्रपट, असे पुष्कळ जण ठासून सांगतात. पण भालजी पेंढारकरांचा ‘तांबडी माती’ १९६९ चा, आणि त्यात दादा आहेत. मग ‘सोंगाड्या’ म्हणणारे खोटे बोलतात काय? तसे नाही. निर्माता म्हणून तो पहिला. एक शब्द गळाला आणि खऱ्याचे चुकीचे झाले. पडताळणीत खोटेपणा थोडा सापडतो, गळलेला शब्द फार सापडतो. कामगाराच्या बाबतीत हाच शब्द ‘कायम’ असतो. ‘१९९५ पासून कामावर’ आणि ‘१९९५ पासून कायम’ यांत पाच-सात वर्षांच्या हंगामी नोकरीचा फरक पडतो, आणि तेवढा पैसा बुडतो.

चौथी गोष्ट कीर्तीची. दादांच्या लागोपाठ नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली, असे आपण सारेच अभिमानाने सांगतो. त्यांच्या यशाविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. ‘पांडू हवालदार’ पाहावयास बैलगाड्या जुंपून आलेले लोक आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिले आहेत. परंतु सांगणाऱ्याने दोन प्रश्नांची उत्तरे बरोबर ठेवावीत. त्या पुस्तकाची आवृत्ती कोणत्या वर्षाची आणि पान कोणते? आणि पंचवीस आठवडे म्हणजे एकाच थिएटरातले की ठिकठिकाणचे? वर्ष आणि पान सांगितले की ऐकणारा स्वतः जाऊन पाहू शकतो. ज्याला माणूस मोठा वाटतो, त्यानेच हे अधिक काटेकोरपणे करावे; कारण कच्च्या पुराव्यावर उभा केलेला मोठेपणा पहिल्याच उलटतपासणीत पडतो.

आता आमच्या जिल्ह्याकडे येऊ. एका शाळेचे जुने रजिस्टर आम्ही चाळले, तेव्हा पानेच्या पाने १ जून या एकाच तारखेने भरलेली दिसली. सारे गाव एकाच दिवशी कसे जन्मेल? शाळा जूनमध्ये भरे, मूल सहा वर्षांचे असावे असा नियम, आणि आईबापांस तारीख ठाऊक नसे. गुरुजींनी १ जून लिहून मुलास वर्गात घेतले. त्यांचा हेतू चांगला होता. पण पन्नास वर्षांनी तीच तारीख निवृत्ती ठरविते.

आमचे आजोबा तर निजामाच्या राज्यात जन्मले. त्या वेळचे दाखले उर्दूत आणि साल फसली. हैदराबादचे १३४८ फसली हे साल १९३८ च्या ऑक्टोबरात लागले आणि १९३९ च्या ऑक्टोबरापर्यंत चालले. त्यामुळे इसवी सन काढताना कधी ५९० मिळवावे लागतात, कधी ५९१. कारकुनाने महिना पाहिला नाही की वर्षाचा घोळ होतो. जेथे कागदच नाही तेथे म्हातारी माणसे सांगतात, ‘रझाकाराच्या साली हा रांगत होता’, ‘बहात्तरच्या दुष्काळात ही पोटात होती’. या सांगण्यास हसू नये. १ जूनच्या छापील दाखल्यापेक्षा ते पुष्कळदा सत्याच्या अधिक जवळ असते. मात्र ते सांगणारा जिवंत आहे तोवरच लिहून घेतले पाहिजे.

हे सारे कशासाठी? भविष्यनिर्वाह निधीचे पूर्ण पेन्शन अठ्ठावन्नाव्या वर्षी सुरू होते. तेथे दोन कागदांवर दोन तारखा निघाल्या की प्रकरण अडते. कामावर मृत्यू आला तर नुकसानभरपाईचा आकडा वयावर ठरतो. आधार कार्डावरची तारीख जन्माचा पुरावा म्हणून भविष्यनिर्वाह निधीच्या कचेरीने जानेवारी २०२४ पासून बंद केली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानेही एका अपघाताच्या दाव्यात आधारऐवजी शाळेचा दाखला मानला. दादा ज्या गिरणगावात वाढले, तेथल्या कामगारांस घरांच्या योजनेत १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर आपण गिरणीच्या पटावर होतो, हे दाखवावे लागले. ज्यांनी तिकीट नंबर आणि पगाराची चिठ्ठी ट्रंकेत जपली, त्यांचा अर्ज उभा राहिला.

आणि ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या भगिनीचे काय? नवराबायको मिळून ‘एक कोयता’. उचल नवऱ्याच्या नावे, मुकादमाच्या वहीतही नाव त्याचेच. तिने वीस हंगाम मोळ्या बांधल्या. पण त्याचा एकही कागद तिच्यापाशी नाही. नटाच्या चरित्रात दोन तारखा जास्त आहेत, तिच्या चरित्रात एकही नाही. नटाची चूक राहिली तर पुस्तक चुकेल. हिची चूक राहिली तर म्हातारपण चुकेल.

म्हणून आमची विनंती फार लहान आहे. घरी गेल्यावर वडील माणसांचे कागद एकत्र काढा. नावे आणि तारखा शेजारी ठेवून पाहा. जेथे फरक दिसेल तेथे माणूस निवृत्त होण्यापूर्वी दुरुस्ती करून घ्या. नंतर फार उशीर होतो. शिकलेल्या मुलामुलींनी हंगामाहून परत आलेल्या प्रत्येक कोयत्याची, म्हणजे दोन्ही माणसांची, नावे, गावे आणि हंगाम वहीत लिहून ठेवावेत व खाली दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. ती वही आज ना उद्या कोणाच्या तरी उपयोगी पडेल.