रयतेचीं मुलें, कॉलेज आणि राहण्याचा प्रश्न

(आंबेगांव तालुक्याच्या पश्चिम भागांतील एका गांवीं, बारावीच्या निकालानंतर भरलेल्या पालकांच्या सभेंत एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण.)

सभेस जमलेल्या आईबापांनो, आणि ज्यांच्यासाठीं ही सभा भरली आहे त्या मुलामुलींनो,

मी कांहीं मोठा वक्ता नव्हे. मराठी शाळेचा मास्तर. अध्यापक विद्यालयांत शिकलों आणि लगेच खडू हातांत घेतला. कॉलेजाच्या बाकावर विद्यार्थी म्हणून मी कधीं बसलों नाहीं. मग हा कॉलेजाविषयीं काय सांगणार, असें कोणाच्या मनांत आलें तर तें रास्तच आहे. पण माझ्या हातांखालून गेलेलीं मुलें कॉलेजांत जातात, आणि त्यांतलीं किती अर्ध्यांतून परत येतात तें मी शाळेच्या दारांतून पाहतों. त्या परत येणाऱ्यांविषयीं मला बोलावयाचें आहे.

डिंभे धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तेथील एक मुलगी. तिचें नांव सांगत नाहीं. न जाणो, तिची मावशी येथें बसलेली असेल. बारावीला चांगले गुण पडले. बाप मला म्हणाला, "गुरुजी, फीचें तेवढें तुम्ही बघा, पोरीला शिकूं द्या." हिरड्याचे आलेले पैसे त्यानें माझ्या हातांत ठेवले, थोडे मीं घातले, आर्ट्सला नांव दाखल झालें. मला वाटलें, काम झालें.

वाडीपासून एस. टी.चा थांबा तासाभराच्या वाटेवर. सकाळची गाडी कॉलेजाच्या गांवीं पोचे तोंवर पहिला तास होऊन गेलेला. दुपारीं वाचनालय उघडे, त्याच वेळीं परतीची गाडी सुटे. गाडी चुकली तर संध्याकाळपर्यंत स्टँडवर बसणें. आणि मुलगी स्टँडवर बसली कीं गांवाची तोंडें चालूं लागतात. जिमखाना, वक्तृत्वाची स्पर्धा, स्नेहसंमेलन यांतलें तिनें कांहीं पाहिलें नाहीं. पुन्हां आणखी एक गोष्ट. बारावीपर्यंत मुलीला एस. टी.चा पास फुकट असतो, अहिल्याबाई होळकरांच्या नांवानें ती योजना आहे. बारावी झाली कीं तो पास संपला. म्हणजे जेथें वाट लांबते तेथेंच सोय तुटते. सवलतीचा पास मिळतो, पण त्याला रोख पैसे लागतात, आणि ऐन भातलावणीच्या दिवसांत आपल्या घरीं रोख पैसा कोठला?

दिवाळीनंतर ती गेलीच नाहीं. बापाला वाटलें, पोरीचें डोकें कमी पडलें. पोरीनेंही तसेंच मनाशीं धरलें. खरें तर डोकें होतें, तें टेकायला जागा नव्हती. आणि ह्यांत दोष माझाच. मीं फी विचारली. राहायचें कोठें आणि जेवायचें काय, हें मीं विचारलेंच नाहीं.

मंडळी, ही आजची एकट्या वाडीची गोष्ट नव्हे, फार जुनी आहे. जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन दिलें त्यांत हीच तक्रार होती. सरकारची तिजोरी भरते रयतेच्या कष्टानें, आणि वरच्या शिक्षणाचा लाभ उठवितात मूठभर वरचे लोक. पुण्यास तेव्हां डेक्कन कॉलेज होतें, १८८५ सालीं फर्ग्युसनही निघालें. कुणब्याच्या पोरानें आंत येऊं नये असा कायदा नव्हता. पण जुन्नरच्या कुणब्याच्या पोरानें पुण्यांत उतरावें कोणाच्या ओट्यावर? गरीब ब्राह्मणाचा मुलगा पुण्यांत गेला तर सात घरीं वार लावून जेवी, माधुकरी मागे, कोणाच्या तरी माडीवर पथारी टाकी. त्याला कोणी भिकारी म्हणत नसे, विद्यार्थी म्हणत. ती मुलें कष्टानें शिकलीं, हें मी नाकारीत नाहीं. पण त्यांच्या जातीनेंच त्यांना बोर्डिंग काढून दिलें होतें, त्यावर पाटी तेवढी नव्हती. आमच्या पोराला तें बोर्डिंग नव्हतें. तो शिकला नाहीं, आणि मग जगानें म्हटलें कीं कुणब्याला अक्कल नाहीं.

हें वर्म कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं ओळखलें. त्यांच्या राजधानींत राजाराम कॉलेज होतेंच. त्यांनीं १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलें, आणि पुढें जैन, मुसलमान, लिंगायत अशा एकामागून एक समाजांच्या बोर्डिंगांना आधार दिला. त्या काळीं ज्यांना अस्पृश्य म्हणत त्यांच्या मुलांसाठीं १९०८ सालीं मिस क्लार्क बोर्डिंग निघालें. त्या समारंभाला जैन बोर्डिंगांतला एक मुलगा गेला होता. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध हो म्हणाले, तर तो म्हणाला, नाहीं होत. त्याला बोर्डिंगांतून जावें लागलें. तो मुलगा म्हणजे कुंभोजचे भाऊराव पाटील, आपले कर्मवीर अण्णा.

अण्णांचें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच थांबलें. किर्लोस्करांचे नांगर विकीत ते गांवोगांव हिंडले, आणि हिंडतां हिंडतां रयतेच्या घरांत काय आहे आणि काय नाहीं तें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें. पुढें त्यांनीं जें केलें त्याचा क्रम नीट ध्यानांत घ्या. मला आज जें सांगायचें आहे तें त्या क्रमांतच आहे. १९१९ सालीं कऱ्हाड तालुक्यांतल्या काले गांवीं रयत शिक्षण संस्था निघाली. १९२४ सालीं सातारला बोर्डिंग. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें त्याला छत्रपती शाहूंचें नांव पडलें. १९३५ सालीं शिक्षकांचें ट्रेनिंग कॉलेज. १९४० सालीं सयाजीराव महाराजांच्या नांवाचें हायस्कूल. आणि छत्रपती शिवाजी कॉलेज निघालें तें १९४७ सालच्या जूनमध्यें. बोर्डिंग आधीं, शाळा मागाहून, कॉलेज सर्वांत शेवटीं. पहिल्या कामापासून कॉलेजापर्यंत अठ्ठावीस वर्षें गेलीं. आधीं पोराला भाकरी आणि घोंगडी, मग पुस्तक.

ती भाकरी कोठून आली? लक्ष्मीबाई, अण्णांच्या पत्नी, त्यांच्या अंगावरच्या दागिन्यांतून. शेवटीं मंगळसूत्रसुद्धां त्या मुलांच्या पोटासाठीं गेलें. १९३० सालीं त्या वारल्या. कॉलेज त्यांनीं पाहिलें नाहीं. आमच्या भाषणांतून अण्णांचा जयजयकार होतो आणि ह्या बाईचें नांव एका वाक्यांत संपतें. मीही आतां तेंच करतों आहें, ह्याची मला जाणीव आहे.

सातारच्या धनिणीच्या बागेंत महाराची, मांगाची, मराठ्याची, मुसलमानाची, जैनाची पोरें एका पंगतीला बसत. आपलें धुणें आपण धूत, पाणी आपण भरीत. कॉलेज निघालें तेव्हां हीच रीत वर चढली आणि तिला 'कमवा आणि शिका' हें नांव मिळालें. मुलें शेतांत राबत, खडी फोडीत, बांधकामावर दगड वाहत, आणि त्यावर शिकत. कोणी म्हणेल, पोरांना शिकायला पाठवलें कीं मजुरीला? मी म्हणतों, आपल्या घरचीं पोरें सुटींत टोमॅटोच्या तोडणीला जातातच कीं नाहीं? मजुरीची लाज त्या पोरांना नव्हती, कारण तेथें कुदळ सगळ्यांच्याच हातांत होती.

आज पुणें विद्यापीठाच्या कॉलेजांतून कर्मवीरांच्याच नांवाची कमवा आणि शिका योजना आहे. गरजू मुलांना ग्रंथालयांत, कचेरींत, बागेंत कांहीं तास काम मिळतें, त्याचा मोबदला मिळतो. चांगली योजना आहे. पोरांनीं जरूर नांव द्यावें. पण दोन गोष्टी सांगतों. त्या पैशांत वह्या आणि गाडीभाडें निघेल, खोली आणि खानावळ निघणार नाहीं. आणि दुसरें असें कीं आतां गरिबाचें पोर झाडांना पाणी घालतें आणि बरोबरचें पोर मोटारसायकलीवर बसून त्याच्याकडे पाहत राहतें. म्हणून आमचीं मुलें नांव द्यायला लाजतात. त्यांत त्यांचा दोष नाहीं.

आपल्या भागाचें म्हणाल तर कॉलेजें आतां दारांशीं आलीं आहेत. जुन्नरला श्री शिवछत्रपती महाविद्यालय १९७० सालापासून आहे. मंचरला रयत शिक्षण संस्थेचें कॉलेज आहे, त्याच्या नांवांत आपल्या महाळुंगे पडवळचा बाबू गेनू आहे. पोटासाठीं मुंबईस गिरणींत गेलेला पोरगा, १२ डिसेंबर १९३० ला विलायती कापडाच्या लॉरीखालीं गेला. त्याच्या नांवाच्या पाटीखालून आपलीं मुलें शास्त्र शिकायला जातात, ही लहान गोष्ट नाहीं. पण कॉलेज जवळ आलें आणि आपण निर्धास्त झालों. "जवळच तर आहे, येऊन-जाऊन करील." सडकेवरच्या गांवाला हें खरें आहे. आपल्या डोंगराकडच्या वाड्यांना खरें नाहीं.

म्हणून नांव घालण्यापूर्वीं स्वतः जा. मोबाईलवरचा फोटो पाहून ठरवूं नका. फोटोंत इमारतीचा दर्शनी भागच असतो. आधीं संडास आणि पाणी पाहा. पोरींना दिवसभर पाणी न पितां बसावें लागतें, आणि हें त्या घरीं सांगत नाहींत. वसतिगृह असेल तर रात्रीं तेथें जबाबदार बाई राहते का तें विचारा. खानावळींत भाकरी मिळते का आणि सुटीच्या दिवशीं चूल पेटते का तें पाहा. वाचनालय किती वाजेपर्यंत उघडें असतें आणि शेवटची गाडी कितीची, हे दोन आकडे एका कागदावर लिहून आणा. त्यांचा मेळ बसत नसेल तर तुमच्या मुलाला वाचनालय नाहीं असें समजा, मग तेथें पुस्तकें किती का असेनात. प्रयोगशाळा, मैदान, छात्रसेना हें सगळें चांगलें आहे, पण तें गाडी सुटल्यावरच्या वेळेंत असतें. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला मात्र पाठवा. ती योजना १९६९ सालीं २४ सप्टेंबरला सुरू झाली, आणि सत्यशोधक समाजाची स्थापना १८७३ सालीं २४ सप्टेंबरचीच. हा नुसता योगायोग आहे, पण मला आवडतो.

सरकारी वाट सोडूं नका. आदिवासी मुलामुलींच्या वसतिगृहांचें काम घोडेगांवच्या प्रकल्प कार्यालयांतून चालतें. वसतिगृहांत जागा मिळाली नाहीं तर राहण्याजेवण्यासाठीं पैसे देणाऱ्या योजना आहेत: आदिवासींना स्वयम, अनुसूचित जातींना स्वाधार, इतर मागासवर्गीयांना सावित्रीबाईंच्या नांवाची आधार. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या आहेत, त्या आधीं वाचून घ्या. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आत्तांच काढा. बँकेचें खातें आधारशीं जोडलेलें नसेल तर मंजूर झालेला पैसासुद्धां अडून बसतो. ज्याला अर्ज भरतां येत नाहीं त्यानें संध्याकाळीं शाळेंत यावें, मी भरून देईन. पैसे लागत नाहींत. कोणी मागितले तर मला सांगा.

पण हा पैसा उशिरानें येतो आणि पोराला भूक रोज लागते. म्हणून माझें एक मागणें आहे. आपले जुन्नरकडचे शेतकरी १८८० नंतरच्या दशकांत एक झाले, आणि सावकारांच्या जमिनी कसणार नाहीं म्हणून त्यांनीं संप केला. ओतूरच्या सत्यशोधकांनीं भटजीवांचून लग्नें लावलीं आणि तो वाद हायकोर्टापर्यंत गेला, तरी ते मागें सरले नाहींत. त्यांच्याजवळ पैसा नव्हता, पण एकमेकांचा विश्वास होता. आपल्याला तर कोर्टांत जायचें नाहीं. आपल्याला घोडेगांवांत दोन खोल्या भाड्यानें घ्यायच्या आहेत. ह्या वर्षीं फक्त मुलींसाठीं, आठ किंवा दहा. भाडें जिच्या-तिच्या घरच्यांनीं वांटून घ्यावें, आणि तांदूळ-नागली गांवानें द्यावी, सुगीला घरटी एक पायली. स्वयंपाकाला आणि सोबतीला आपल्यांतलीच एक वयस्क बाई ठेवावी आणि तिला पगार द्यावा. फुकट राबवून घेऊन धर्म करूं नये. पंगत एक. ज्याला जातीची वेगळी चूल पाहिजे त्यानें आपली पायली घरींच ठेवावी. हिशेबाची वही दर महिन्याला शाळेच्या ओट्यावर कोणालाही पाहायला मिळेल.

मीं त्या मुलीच्या बापाशींही बोललों आहें. ती अजून लग्नाची नाहीं, भाताच्या खाचरांत काम करते. तो म्हणाला, "गुरुजी, आतां वय गेलं." एकवीस-बावीस वर्षांच्या पोरीचें वय कसलें गेलें? मी पुन्हां जाणार आहें. तुमच्यापैकीं कोणी बाई बरोबर आल्या तर तिच्या आईशीं बोलणें सोपें जाईल.

खोल्या पाहायला रविवारीं सकाळच्या गाडीनें चौघांनीं माझ्याबरोबर घोडेगांवास यावें. चौघांत दोन तरी बाया पाहिजेत. मोरी आणि पाणी पुरुषांच्या नजरेस पडत नाहीं.